धवलेरीच्या मागची जागा

पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर त्याचं छोटं चित्र येतं आणि चित्राखाली एक आडवी पट्टी. जेवढी जागा भरलेली तेवढी पट्टी निळी, बाकीची पांढरी. हरेशने आतली सगळी गाणी पुसली होती. खिडकी उघडली तर आत काहीच नव्हतं, फोल्डर रिकामं आहे अशी एक ओळ तेवढी होती. तरीही पट्टीच्या डाव्या टोकाला निळा तुकडा शिल्लक होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

रविनाला तो हरेशच्या आधी दिसला. तिने माऊसकडे हात नेला, पण तोवर हरेशचं बोट पडद्यावर टेकलं होतं.

"थांब. हे काय?"

"काय दादा?"

"हे निळं. सगळं काढलं ना मी? मग हे कोण बसलंय आत?"

"असतं थोडं. सिस्टिमची फाइल असते."

"भिवंडीच्या गोडाउनात मी काय झाडू मारत होतो? रिकामा पेनड्राइव्ह कसा दिसतो ते ठाऊक आहे मला."

"मग व्हायरस असेल."

"व्हायरस!" हरेश खुर्चीला रेलून हसला. "जव्हारच्या कॉलेजात एवढा एकच शब्द शिकवला वाटतं तुला. काय पण विचारा, व्हायरस."

मोखाड्याच्या बाजाररस्त्यावरचा तो गाळा हरेशचा होता. अर्ध्या भागात त्याच्या डीजेचे बॉक्स एकावर एक रचलेले, उरलेल्या अर्ध्यात रविनाचा संगणक, प्रिंटर आणि झेरॉक्सचं यंत्र. हरेश तिचा मोठा दीर, पंकजचा थोरला भाऊ. लग्न होऊन आली तेव्हा बी.एस्सी. झालेली सून घरात आली म्हणून त्याने बाजारभर सांगितलं होतं. पुढे ती फार बोलत नाही हे लक्षात आलं तेव्हा तिचं शिक्षण त्याला टोमण्यांसाठी उपयोगी पडू लागलं.

त्याने स्वतःच वरच्या मेनूत जाऊन लपलेल्या फाइली दाखवायची खूण केली. गाळ्यात येणारी कॉलेजची पोरं ते करताना त्याने पाहिलं होतं. खूण झाली, पण काहीच उगवलं नाही. रविना पडद्याकडे न बघता प्रिंटरमधले कागद सारखे करत राहिली.

"तुझ्या म्हातारीचं गाणं कोठं आहे?" हरेशने एकदम विचारलं.

"कुठलं?"

"आता कुठलं? पंकज म्हणाला मला, तू मोबाइलात भरून घेतलं होतंस. अख्खं लग्नाचं. माझ्या धनेशची हळद तोंडावर आली आहे. ठकी माझ्या मांडवात यायची नाय म्हणते. दाभोशाच्या धवलेरीला त्या दिवशी दुसरी लग्नं लावायची आहेत. म्हातारी नाय तर म्हातारीचा आवाज चालेल. बॉक्सवर लावतो. लग्न झालं, टेन्शन नाय."

"तो मोबाइल गेला दादा. बदलला तेव्हाच."

"अन् गाणं?"

"बघते कुठे आहे का."

"बघ. पण लवकर बघ. तुझं बघणं मला ठाऊक आहे." त्याने पेनड्राइव्ह ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

गाणं त्याच्या खिशातच होतं.

झालं होतं ते असं. जुना मोबाइल बंद पडायला आला तेव्हा रविनाने आजीच्या गाण्यांचं फोल्डर घाईघाईने मोबाइलातून थेट, संगणकाला त्या वेळी लावलेला होता त्या पेनड्राइव्हवर टाकलं. तो हरेशचा होता. तो कधीही येऊन घेऊन जाणार होता, म्हणून तिने काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत चित्रं नसतात, माऊसचा उपयोग नसतो, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या असतात. तिने attrib +h +s लिहून पुढे फोल्डरचं नाव दिलं आणि फोल्डर दिसेनासं झालं. उजवं बटण दाबून लपवलेलं फोल्डर मेनूतल्या एका खुणेने परत दिसतं. असं लपवलेलं दिसत नाही, कारण संगणक ते स्वतःचं सामान समजतो आणि माणसांपुढे आणत नाही. फाइल कुठे जात नाही. होती तिथेच असते. विचारणाऱ्याला सांगायचं नाही, असा एक शिक्का तिच्यावर बसतो, बस.

दुसऱ्या दिवशी आपल्या पेनड्राइव्हवर हलवू, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी हरेश पेनड्राइव्ह घेऊन विक्रमगडकडच्या एका लग्नाला गेला. पुढे तो कधी गाळ्यात असायचा, कधी बॉक्सच्या पेटीत. आज हलवू, उद्या हलवू, करता करता एक पावसाळा गेला. आता मागावा तर तो विचारणार, कशाला?

*

ठकी रविनाच्या बापाची आई. साखरशेत गावात आणि आसपासच्या पाड्यांत तिने किती लग्नं लावली ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यांच्या समाजात लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं पांढरं चित्र, लिहिला जातो, धवलेरी त्याच्यापुढे बसते आणि गाण्यात देवांना एकेकाला बोलावते. देव आले की पुढचं काम. गाणं अर्धं सोडलं तर लग्न अर्धं राहतं. धवलेरीच्या मागे आणखी एक बाई बसते. ओळ संपली की शेवटचा शब्द ती उचलते, तेवढ्यात पुढचीला श्वास मिळतो. शिकायचं ते असंच, मागे बसून. वहीत लिहून कोणी धवलेरी झालेली नाही.

ठकीच्या मागे काळी नावाची बाई बसायची. ती वारली आणि तेव्हापासून ती जागा मोकळी आहे.

हरेशचं आणि ठकीचं वाकडं आलं ते गेल्या उन्हाळ्यात, एका लग्नात. ठकी चौकापुढे गात होती, पोरं कंटाळली होती, आणि हरेशने गाणं संपायची वाट न पाहता बॉक्स चालू केला. ठकीचा आवाज त्यात बुडाला. ती थांबली नाही, पण मागे शब्द उचलणारं कोणी नसल्यामुळे तिला खोकला आला, आणि कोणीतरी हसलं. ते हसू ती विसरली नव्हती.

रविवारी रविना जीप धरून साखरशेतला गेली. ठकी अंगणात मोहाची फुलं पसरत होती. नातीला बघून ती उठली नाही.

"डब्यावाल्यानं पाठवलं का?"

"मीच आले, आजी."

"मग पाणी पी आणि जा. त्याच्या मांडवात मी पाय ठेवायची नाय. देवाचं नाव तोंडात असताना वाजवलं त्यानं. आता लाव म्हणावं पोराचं लग्न डब्यावर."

"तो तेच म्हणतोय."

ठकीचा हात फुलांवर थांबला. "काय म्हणतो?"

"तुझं गाणं बॉक्सवर लावणार म्हणतो. मी दिलेलं नाही."

"अन् द्यायचं पण नाय. तू शिकते म्हणालीस म्हणून तुला भरून घेऊ दिलं. डब्यावर ते वाजलं नाय पाहिजे. कोठं ठेवलंस?"

"लपवून ठेवलंय. कोणाला दिसणार नाही असं."

"तुझं लपवणं!" ठकी तोंड वाकडं करून म्हणाली. "लहानपणी चिंचा लपवायचीस आणि विसरायचीस. मुंग्यांची रांग लागली की घराला कळायचं."

रविना हसली. ठकी हसली नाही.

"ते राहू दे. तू मागं बसते का नाय?"

हा प्रश्न नेहमी असा यायचा, दुसऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून. रविनाचं उत्तरही नेहमीचंच होतं.

"बघू, आजी."

"बघू, बघू. काळी मेली तुझं बघू ऐकत. तुला सगळं येतं. परवा तांदूळ निवडताना गुणगुणत होतीस, ऐकलं मी. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. मग लाज कसली?"

लाज नव्हती. सगळे तिला लाजाळू समजत आणि तिनेही ते कधी खोडून काढलं नव्हतं, कारण ते सोयीचं होतं. गाणं तिला आवडायचं. एकटी असताना, कामात असताना, ते तिच्या डोक्यात आपोआप चालायचं. पण चौकापुढे बसायचं, अख्ख्या गावाने आपल्या तोंडाकडे बघायचं, देव आले की नाही ते आपल्या गळ्यावरून ठरायचं, हे तिला नको होतं. देव येतात असंही तिला वाटत नव्हतं. आजीला वाटायचं, म्हणून आजीच्या तोंडी ते खरं होतं. आपल्या तोंडी ते खोटं होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढं साधं होतं, आणि एवढं साधं सांगायचं म्हणजे म्हातारीच्या मागची जागा कायमची मोकळी करायची. म्हणून "बघू".

"निघते मी," ती म्हणाली. "शेवटची जीप जाईल."

"जा. तोंड लपवायला तुला जीप बरी मिळते."

*

हळदीच्या दिवशी, हरेश नेहमी ज्यावरून गाणी लावायचा त्या लॅपटॉपचा चार्जर जळला. मांडवाची वीज सकाळपासून वरखाली होत होती. एकदा बल्ब पांढराफटक पेटला, चार्जरमधून वास आला आणि लॅपटॉप बंद पडला. हरेशने शिव्या दिल्या, खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि थेट बॉक्सच्या भोकात खुपसला. नवी गाणी त्याने आदल्या दिवशीच भरून ठेवली होती.

रविना जाऊबाईंबरोबर हळद कालवत होती. बायडी ही हरेशची बायको, नवऱ्यामुलाची आई. पेनड्राइव्ह बॉक्सला लागलेला रविनाने पाहिला, आणि तिला उलट बरं वाटलं. बॉक्सला काय कळतंय? त्याला पडदा नाही, मेनू नाही. एक लाल आकडा तेवढा दिसतो.

दुपारभर गाणी वाजली. पोरं नाचून घामाघूम झाली, धनेश हळदीने पिवळा झाला. भरलेली गाणी संपली आणि एक क्षण सगळं शांत झालं. लाल आकडा पुढे सरकला.

मग ठकीचा आवाज आला.

आधी नुसता श्वास, मग पहिली ओळ. एवढ्या मोठ्या बॉक्समधून तो आवाज अंगणभर पसरला आणि समोरच्या डोंगराला लागून परत आला. नाचणारे तसेच उभे राहिले. म्हाताऱ्या बायांपैकी एकीने डोक्यावर पदर ओढला. ओळ संपली आणि तिच्यामागे एक रिकामी जागा आली, शेवटचा शब्द कोणी उचलायचा ती. तेवढ्या शांततेत मांडवातली एक म्हातारी सवयीने तो शब्द बोलून गेली आणि दचकून तिने तोंडावर हात ठेवला.

रविनाच्या हातातली हळद तशीच राहिली. तिला कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शिक्का संगणक वाचतो. संगणक सभ्य असतो, सांगू नको म्हटलेलं सांगत नाही. बॉक्समधल्या त्या स्वस्त सर्किटला शिक्का वाचताच येत नव्हता. त्याला गाणं दिसलं, त्याने वाजवलं.

दुसरी ओळ अर्ध्यात तुटली आणि ठकीचं बोलणं आलं, तसंच मोठ्याने.

"उचल ना गे शब्द. रविना. माझ्या मागं बस आणि उचल."

आणि मग रविनाचा स्वतःचा आवाज, तिला स्वतःलाच अनोळखी वाटावा असा. "नको आजी. आधी भरून घेते. बसायचं मग बघू."

कोणीतरी फस्सकन हसलं. हरेश बॉक्सपाशी उभा होता. त्याने घाई केली नाही. सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत तो थांबला, मग बटण दाबलं, पेनड्राइव्ह काढला आणि दोन बोटांत धरून रविनाकडे बघत उंच केला.

"बघा रे," तो म्हणाला, "व्हायरस गायला लागला!"

सगळा मांडव हसला. पंकजही हसला. रविनाने नवऱ्याकडे पाहिलं तेव्हा त्याने हसू पुसलं, पण उशिरा.

"घरात ठेवून घेतली आम्ही तुला," हरेश आता हसत नव्हता, "गाळा दिला बसायला. आणि माझ्याच खिशात माझ्यापासून चोरून ठेवतेस? माझ्या पोराचं लग्न अडलेलं दिसत होतं ना तुला?"

"आजीला शब्द दिला होता."

"कसला शब्द? बघू हा शब्द होता तुझा. ऐकला आत्ता सगळ्यांनी."

तो खरं बोलला होता. रविना हळदीचं पातेलं उचलून आत गेली.

संध्याकाळी पंकज तिच्याजवळ आला. "दादाला ते फोल्डर उघडून दे ना. उद्याचा दिवस आहे, संपून जाईल."

"आजीने नाही म्हटलंय."

"तुझी आजी तर येत नाय. मग तिचं काय जातं? दादासमोर मला मान खाली घालायला लावलीस तू."

"तू तर हसत होतास."

"मग काय रडू?" तो म्हणाला आणि निघून गेला.

*

लग्नाच्या सकाळी मांडवात टेबल लावून हरेशने लॅपटॉप ठेवला. चार्जर कोणाचा तरी मागून आणला होता. बॉक्सवर नुसते आकडे दिसतात. हळदीचं गाणं कुठलं, चौकाचं कुठलं आणि आजी-नातीच्या गप्पा कुठल्या, हे कळायला नावं दिसायला हवी होती. भिंतीवर चौक लिहून तयार होता. त्याच्यापुढची जागा मोकळी होती आणि तिथे हरेशने एक बॉक्स आणून उभा केला होता.

"ये," त्याने रविनाला हाक मारली. "तूच पुरलंय, तूच उकर."

"मी नाही देणार."

"देणार नाय? पंकज, सांग तुझ्या बायकोला. नायतर उद्यापासून गाळ्याला दुसरं कुलूप."

पंकज चपलेने माती उकरत राहिला. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज झाला, आणि आवाजाच्या मागोमाग ठकी.

कोणीतरी हळदीच्या वेळी फोन धरून तिला तिचंच गाणं ऐकवलं होतं. ती मांडवाच्या खांबापाशी येऊन थांबली, एक पाऊलही आत टाकलं नाही. चौकापुढे उभा केलेला बॉक्स तिने पाहिला.

"ही माझी सवत का?" तिने विचारलं.

म्हाताऱ्या बायांना हसू आलं. हरेश म्हणाला, "तूच म्हणाली होतीस ना, डब्यावर लाव? लावतो. ही खोकत नाय."

"देवाला डब्यातून बोलावशील?"

"आवाज तर तुझाच आहे. देवाला काय समजतं?"

बायडी मध्ये आली. "गप बसा हो. बाय, आत ये. माझ्या पोराला हळद लागली आहे. डब्यानं लावलेलं लग्न मला पण नको. तू बस, हा बॉक्स मी स्वतः उचलते."

"आधी त्याला पाया पडायला सांग."

"मी?" हरेश म्हणाला. "मेलो तरी नाय."

"मग मी पण आत यायची नाय." ठकीने नजर फिरवली आणि ती रविनावर येऊन थांबली. "अन् तू. तुला काय सांगितलं होतं मी?"

"मी लपवलं होतं, आजी."

"चिंचा!" ठकी ओरडली. "मुंग्या लागल्या ना? अख्ख्या मोखाड्यानं ऐकलं. नाचणाऱ्यांच्या पायाखाली माझे देव घातलेस. पूस ते."

"पुसायचं नाय," हरेश म्हणाला. "पेनड्राइव्ह माझा आहे."

"गळा माझा आहे!"

रविना टेबलापाशी गेली. हरेशला वाटलं ती आपलं ऐकायला आली, म्हणून त्याने खुर्ची मोकळी केली. तिने काळी खिडकी उघडली आणि पेनड्राइव्हवर जाऊन dir लिहिलं. हरेश तिच्या खांद्यावरून वाकला. कालच्या हळदीच्या गाण्यांच्या फोल्डरचं नाव तेवढं वर आलं.

"हे तर मला पण दिसतं."

तिने पुन्हा तेच लिहिलं आणि पुढे जागा सोडून एक तिरकी रेघ आणि ए जोडलं. dir /a. म्हणजे शिक्का असो, नसो, आहे ते सगळं दाखव. या वेळी एक ओळ जास्त आली. फोल्डरचं नाव तिने घाईत दिलं होतं: aaji.

"आजी!" हरेशने टाळी वाजवली. "बसलीय बघा आत. पेनड्राइव्हात यायला हिला पाया पडणं लागत नाय."

ठकीने खांबाला हात टेकला. "पूस गे," ती म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणून सगळ्यांना नीट ऐकू आला. "पूस. काय जातं? डब्यात राहिलं म्हणून राहिलं असं नसतं. माझ्या पोरीच्या कानात सगळं आहे. मी मेले तरी माझी रविना बसेल. मला तुझ्या डब्याची गरज नाय, हरेश. माझी नात आहे."

रविनाची बोटं थांबली. मग तिने लिहिलं ते शिक्का काढायचं नव्हतं. rd /s, आणि पुढे फोल्डरचं नाव. तिने एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटला आणि त्याच्यापुढे पांढरी रेघ उघडझाप करू लागली.

"काय लिहिलंस?" हरेशला इंग्रजी वाचता येत होतं, पण त्याला वाचायचं नव्हतं. "काय विचारतोय तो?"

"खात्री आहे का, विचारतोय."

"कसली खात्री?"

"पुसायची."

हरेशने पेनड्राइव्हकडे हात टाकला. बायडीने त्याचं मनगट धरलं. "आज नाय," ती दात ओठ खात म्हणाली. "आज पोराच्या मांडवात हात उचललात तर मी तुमच्या तोंडाकडे बघायची नाय." पंकज पुढे झाला आणि कोणाला धरावं ते न कळून मध्येच उभा राहिला.

वाय, म्हणजे हो, दाबलं की संपलं. इथे कचऱ्याची टोपली नसते. या वाटेने गेलेलं तिथून उचलून आणता येत नाही. एन, म्हणजे नाही, दाबलं की गाणं हरेशचं. रविनाने वायवर बोट ठेवलं. आजीला शब्द दिला होता तो पाळला जाणार होता. आजी जीपने साखरशेतला परत जाणार होती, मोहाची फुलं पसरणार होती आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीच्या पाठीवर बसवून तोच प्रश्न विचारणार होती. आपण बघू म्हणणार. आजी जाईपर्यंत. आणि मग कुठेच काही नसणार, ना इथे, ना तिच्या गळ्यात, ना आपल्या.

म्हातारी जे पुसायला सांगत होती, ते एका गोष्टीच्या भरवशावर. तो भरवसा तिला रविनानेच दिला होता, थोडा थोडा, एकेका "बघू"ने.

"दाब ना गे," ठकी म्हणाली. "कोणाला भितेस?"

रविनाने बोट उचललं. पांढरी रेघ उघडझाप करतच होती. ती खुर्चीवरून उठली, बॉक्सला वळसा घालून खांबापर्यंत गेली आणि आजीच्या समोर उभी राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, तिला कधीच नको होतं तसे.

"पुसते, आजी. पण आधी ऐक, मग तू सांगशील तसं करते," ती म्हणाली. आवाज फुटेल असं तिला वाटलं होतं. फुटला नाही. "मी भरून घेतलं ते शिकायला नाही. मागे बसायला लागू नये म्हणून भरून घेतलं. मी तुझ्या मागे बसणार नाही. आज नाही, तू गेल्यावर नाही. कधीच नाही."